चालून-फिरूनही कंबर का धरते? पिलाटेस या व्यायामपद्धतीची ओळख

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरील जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांशी बोलले, तर एक तक्रार हमखास ऐकू येते. माणूस रोज तासभर चालतो, पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढतो, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरीही पूर्ण करतो. आणि तरीही एखाद्या दिवशी पाण्याची बादली उचलताना किंवा स्कूटर डबल स्टँडवर लावताना त्याची कंबर अशी धरते, की पुढचे चार दिवस मोजे घालण्यापुरतेही वाकता येत नाही. दम आहे, पायांत ताकद आहे, वजनही आटोक्यात आहे; मग नेमके कमी काय पडले, हा प्रश्न रास्त आहे. पिलाटेस या व्यायामपद्धतीची उपयुक्तता समजून घ्यायची असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ही पद्धत ज्या क्षमतेवर काम करते ती चालण्याने किंवा सायकल चालवण्याने फारशी वाढत नाही. हातपाय हलत असताना, त्यांच्यावर भार येत असताना, धड हवे तसे स्थिर ठेवणे आणि हवे तेवढेच हलवणे, ही ती क्षमता होय.

कणा कशाच्या आधाराने उभा राहतो

कमरेच्या भागात ५ मणके असतात. डोके, छाती, दोन्ही हात आणि हातात जे काही धरले असेल ते, असा सगळा भार त्यांच्यावर येतो. स्नायू काढून टाकलेला, केवळ हाडे, चकत्या आणि अस्थिबंध शिल्लक असलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा तो सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो भाराखालीच लचकतो असे आढळले. आपल्या धडाचे वजन याच्या कितीतरी पट असते. म्हणजेच आपण ताठ उभे राहतो ते नुसत्या हाडांच्या बळावर नव्हे. आजूबाजूचे स्नायू वेळच्या वेळी आणि योग्य प्रमाणात ताण धरतात म्हणून.

या स्नायूंची रचना एखाद्या डब्यासारखी आहे. वरचे झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढची आणि बाजूची भिंत म्हणजे पोटाभोवती पट्ट्याप्रमाणे गुंडाळलेला आडवा स्नायू, ज्याला वैद्यकीय भाषेत ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस म्हणतात, आणि मागच्या बाजूला मणक्यांना चिकटून असलेले मल्टिफिडस हे लहान स्नायू. हे सगळे एकाच वेळी थोडे आवळले की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. आरशात दिसणारे, जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना हवेहवेसे वाटणारे ‘सिक्स पॅक’ या डब्याच्याही बाहेर असतात. त्यांचे मुख्य काम धड पुढे वाकवणे हे आहे.

१९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. उभ्या असलेल्या माणसाला झटकन हात उचलायला सांगायचे आणि कोणता स्नायू कधी जागा होतो ते मोजायचे. निरोगी माणसात पोटाचा आडवा स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जात होता. हात हलण्यापूर्वीच शरीर कण्याची व्यवस्था लावून ठेवत होते. कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता. या निष्कर्षानंतर धडाच्या या स्नायूंसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कोअर’ या शब्दाची जगभर लाट आली आणि पिलाटेसच्या प्रसाराला तिचा मोठा हातभार लागला. पुढील संशोधनातून हेही दिसले, की त्या एकाच स्नायूला वेगळे काढून मेहनत दिल्याने इतर व्यायामांपेक्षा फार मोठा फायदा होत नाही. धडाचे सगळेच स्नायू मिळून काम करतात आणि ते मिळून काम करायला शिकणे महत्त्वाचे असते. त्यामुळे ‘फक्त आतला स्नायू’ असा जप करणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे थोडे सावधपणेच ऐकावे.

ही पद्धत आली कुठून

जोसेफ ह्युबर्टस पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी झाला. लहानपणी त्यांना दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप अशी दुखणी होती, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या धडपडीतून ते व्यायामाकडे वळले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना आधी लँकेस्टरला आणि नंतर आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. अंथरुणाला खिळलेल्या कैद्यांच्या पलंगांना स्प्रिंगा बांधून त्यांनी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला आणि त्यातूनच पुढची यंत्रे जन्माला आली, अशी कथा प्रत्येक स्टुडिओत सांगितली जाते. तिच्यात तथ्याबरोबर थोडे मीठमसाल्याचे प्रमाणही असावे. पण स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध सावकाश हालचाल करणे हे त्यांच्या यंत्रांचे मूळ तत्त्व आहे, एवढे निश्चित.

१९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि जोडीदार क्लारा यांच्यासह आठव्या अव्हेन्यूवर त्यांनी आपली व्यायामशाळा थाटली. नृत्यसंस्था जवळ असल्याने दुखापत झालेले नर्तक तिथे येऊ लागले. जॉर्ज बालान्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शकांचा त्यांच्याशी संबंध आला. पिलाटेस स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र. १९४५ सालच्या पुस्तकात त्यांनी चटईवर करायचे ३४ व्यायाम दिले आणि १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे सगळेच विचार आज जसेच्या तसे मानले जात नाहीत. उदाहरणार्थ, पाठ जमिनीला पूर्ण सपाट टेकलेली असावी असा त्यांचा आग्रह होता. आजचे बहुतेक प्रशिक्षक कमरेची नैसर्गिक, हलकी कमान कायम ठेवायला सांगतात, आणि तेच योग्य आहे.

एक व्यायाम जवळून

वर्णनाने पिलाटेस समजत नाही, म्हणून एकच व्यायाम सविस्तर पाहू. तो नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवला जातो, आणि दिसायला इतका साधा आहे की पाहणाऱ्याला यात व्यायाम कुठे आहे असा प्रश्न पडावा.

सतरंजीवर किंवा चटईवर उताणे झोपावे, गुडघे वाकवून पावले जमिनीवर ठेवावीत, दोन्ही पावलांत कमरेच्या रुंदीइतके अंतर असावे. कंबर आणि जमीन यांच्यामध्ये बोटे सरकतील एवढी फट राहू द्यावी. ती दाबून बंदही करू नये आणि वाढवूही नये. दोन्ही हातांचे तळवे कमरेच्या पुढच्या हाडांवर ठेवावेत. नाकाने श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्याव्यात. तोंडाने श्वास सोडत बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्यावा, अगदी थोडा, जेवढ्याने बोलणे अडणार नाही तेवढाच. आता श्वास सोडत असतानाच एक पाय गुडघ्यात वाकलेलाच ठेवून वर उचलावा, नडगी जमिनीला समांतर झाली की थांबावे, श्वास घ्यावा, आणि पुढचा श्वास सोडत पायाचा अंगठा जमिनीला टेकेपर्यंत पाय सावकाश खाली आणावा. मग दुसरा पाय.

खरा व्यायाम पायाचा नसून तळव्यांखाली काय होते त्याचा आहे. पाय उचलताच कमरेचे हाड त्या बाजूला कलंडते का? पाय खाली येताना कंबर जमिनीपासून वर उचलली जाते का? पोट सपाट राहण्याऐवजी मधोमध उंचवटा येतो का? खांदे कानांकडे चढतात का, आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे श्वास रोखला जातो का? बऱ्याच धडधाकट माणसांच्या बाबतीत यांतल्या दोन-तीन गोष्टी घडतात. जड वजन उचलणारा तरुण इथे अडखळतो आणि साठीच्या गृहिणीला ते सहज जमते, असेही पाहायला मिळते. वेग इतका कमी असतो की झटका देऊन वेळ मारून नेण्याची सोय राहत नाही, आणि माझ्या मते पिलाटेसचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. पाय उचलण्यापेक्षा तो खाली आणणे अवघड जाते. खाली आणताना स्नायू ताण धरून ठेवत हळूहळू लांबत असतो, आणि या प्रकारचे काम आपल्याला दिवसभर लागते: पाटावर बसताना, पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना, भरलेला गॅस सिलिंडर जमिनीवर ठेवताना. चढण्याची ताकद बहुतेकांकडे असते, पण उतरताना गुडघा आणि कंबर यांना जो लगाम हवा असतो तो सुटलेला असतो.

याच तत्त्वावर पुढचे व्यायाम रचलेले आहेत. गुडघे वाकवून उताणे झोपून एकेक मणका उचलत कंबर वर न्यायची आणि एकेक मणका टेकवत खाली आणायची, हा ‘ब्रिज’. कुशीवर झोपून धड न हलवता वरचा पाय पुढे-मागे न्यायचा, हा ‘साइड किक’. पालथे झोपून विरुद्ध हात आणि पाय आळीपाळीने उचलायचे, हा ‘स्विमिंग’. ‘हंड्रेड’ या प्रसिद्ध व्यायामात डोके आणि पाय उचलून हात लयीत वर-खाली केले जातात. ५ ठोक्यांत श्वास घ्यायचा, ५ ठोक्यांत सोडायचा, अशा १० श्वासांत १०० ठोके होतात. व्हिडिओ पाहून अनेक जण थेट यानेच सुरुवात करतात आणि दुसऱ्या दिवशी मान धरून बसतात. तो पहिल्या महिन्याचा व्यायाम नव्हे.

रोजच्या जगण्यात काय फरक पडतो

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो कंबरदुखीवर. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली १० चाचण्या आणि ५१० रुग्ण यांच्या माहितीवरून असा निष्कर्ष काढला, की विशेष काहीच न करण्याच्या किंवा जुजबी सल्ल्याच्या तुलनेत पिलाटेसने वेदना कमी होतात आणि हालचाल सुधारते. परंतु इतर व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. या निष्कर्षाचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. ज्याची कंबर वारंवार धरते त्याने पिलाटेस करावे, याला आधार आहे. पण ज्याला नियमित योगासनांनी किंवा फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांनी बरे वाटत आहे, त्याने ते सोडून इकडे धावण्याचे कारण नाही. कंबरदुखीत कोणता व्यायाम यापेक्षा तो सोडून न देता चालू राहतो का, हे अधिक निर्णायक ठरते.

मान आणि खांदे यांच्याबाबत नाशिकच्या परिसरात वेगळाच संदर्भ आहे. संगणकावर मान पुढे काढून बसणारे कर्मचारी आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज जाऊन-येऊन करणारे चाकरमाने यांच्या तक्रारी सर्वत्र सारख्याच. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) मण्यांची विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, सुरू झाले, की मजूर स्त्री-पुरुषांना मांडवाखाली तासन्‌तास मान मागे टाकून आणि हात डोक्याच्या वर धरून काम करावे लागते. हात वर गेला की खांद्याचे पाते बरगड्यांवरून बाहेर आणि वर फिरायला हवे. ते फिरवणारे स्नायू थकले किंवा आखडले, की शरीर दुसरी वाट काढते. छाती पुढे येते, कमरेची कमान वाढते आणि खांद्याने करायचे काम कंबर करू लागते. संध्याकाळी दुखते ती कंबर, आणि मालिशही तिलाच होते.

पिलाटेसमध्ये हीच हालचाल उताणे झोपून शिकवली जाते. दोन्ही हात छताकडे सरळ धरायचे आणि श्वास सोडत डोक्यामागे न्यायचे, मात्र खालच्या बरगड्या जमिनीपासून जिथे उचलल्या जाऊ लागतात तिथेच थांबायचे. अनेकांचा हात जमिनीपासून बराच वर अडकतो, आणि आजवर हात वर नेताना आपण खांद्याऐवजी पाठ वापरत होतो हे त्यांच्या तेव्हा लक्षात येते. अर्थात आठ तास मांडवाखाली उभे राहण्याच्या कामाला अर्ध्या तासाच्या व्यायामाने पूर्ण उतारा मिळेल, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उंची पुरत नसेल तर पायाखाली स्टूल, अधूनमधून हात खाली सोडण्याची मोकळीक, या गोष्टी बागमालकाने करायच्या आहेत; व्यायाम त्यांची जागा घेत नाही.

बाळंतपणानंतर स्नायूंच्या त्या डब्याच्या भिंती आणि तळ दोन्ही सैल झालेले असतात. पोटाच्या मधल्या रेषेत फट राहणे, खोकताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब गळणे, या तक्रारी कितीतरी स्त्रिया वर्षानुवर्षे कुणालाही न सांगता सोसतात, कारण ‘मुले झाली की असे व्हायचेच’ असे त्यांना सांगितलेले असते. तसे समजण्याचे कारण नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने लघवी गळण्याची तक्रार पुष्कळ कमी होते, याला भक्कम पुरावा आहे. पिलाटेसमध्ये प्रत्येक श्वासाबरोबर या स्नायूंकडे लक्ष दिले जाते, म्हणून त्या व्यायामाला ही चांगली जोड आहे. परंतु तक्रार जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि या विषयातील फिजिओथेरपिस्ट यांच्याकडेच आधी जावे. सिझेरियन झालेल्यांनी डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे, आणि आपल्याकडे पोट बांधण्याची जी पद्धत आहे तिने आधार वाटतो, पण स्नायू बळकट होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

वृद्धांच्या बाबतीत मुख्य लाभ तोल सावरण्याचा. ओल्या मोरीत पाय घसरला तर शरीर सावरायला क्षणभराचाच अवधी मिळतो, आणि तेवढ्यात धड आवरले नाही तर खुब्याचे हाड मोडते. ज्येष्ठांवर झालेल्या अनेक चाचण्यांत पिलाटेसने तोल आणि पायांची ताकद सुधारल्याचे दिसले आहे. जमिनीवर झोपणे-उठणे जमत नसेल तर हेच व्यायाम खुर्चीवर बसून किंवा भिंतीला टेकून उभे राहून करता येतात.

झोप सुधारते, मन शांत होते, असेही अनुभव लोक सांगतात आणि त्यात खोटे काही नाही; मात्र हे कोणत्याही नियमित व्यायामाचे फळ आहे.

जे होत नाही

पिलाटेसने वजन झपाट्याने उतरत नाही. शरीर किती ऊर्जा खर्च करते हे मोजण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात; स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट. चटईवरील पिलाटेस साधारण ३ मेटचे मानले जाते, तर भरभर चालणे ४ मेटच्या पुढे जाते. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी वितळते, हाही गैरसमज आहे. चरबी कोठून कमी व्हायची हे आपण कोणता स्नायू हलवतो त्यावर ठरत नाही. कंबर बारीक दिसू लागते ती बहुधा उभे राहण्याची ढब सुधारल्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, दम लागेल असा व्यायाम करावा आणि शिवाय किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पिलाटेस या दुसऱ्या भागात बसते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांच्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितले असेल, तर गोल्फ क्लबच्या किंवा घराजवळच्या मैदानावरच्या फेऱ्या चालूच ठेवायच्या.

योगासने करणाऱ्याला याची गरज आहे का

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, आणि तो योग्यही आहे. पिलाटेसमधला ‘ब्रिज’ सेतुबंधासनाची, ‘टीझर’ नौकासनाची, ‘स्वान’ भुजंगासनाची आणि ‘रोल ओव्हर’ हलासनाची आठवण करून देतो. फरक असा, की आसनात एक स्थिती गाठून तिथे स्थिर राहण्यावर भर असतो, तर पिलाटेसमध्ये एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या वाटेवर. प्राणायाम, ध्यान, यम-नियम असा जो योगाचा व्यापक आवाका आहे, तो पिलाटेसला नाही आणि त्याचा तसा दावाही नाही. ज्याचे शरीर मुळातच लवचीक आहे, सांधे गरजेपेक्षा सैल आहेत, त्याला आणखी ताणण्यापेक्षा ताबा शिकवणाऱ्या पिलाटेसचा अधिक उपयोग होतो. ज्याचे अंग लाकडासारखे आखडलेले आहे, त्याने आसने सोडू नयेत. दोन्ही करणारेही पुष्कळ आहेत. दंड-बैठकांत घडलेल्या आपल्या व्यायामशाळांनाही यात परके वाटण्यासारखे काही नाही. सावकाश, श्वासासह आणि कंबर न लोंबू देता काढलेला दंड कोणत्याही पिलाटेस वर्गात शोभेल.

यंत्र की चटई

शहरांतल्या स्टुडिओंमध्ये ‘रिफॉर्मर’ नावाचे यंत्र दिसते. ही एक लांब चौकट असते, तिच्या रुळांवर गादी लावलेला सरकता फलक बसवलेला असतो आणि तो स्प्रिंगांनी एका टोकाला जोडलेला असतो. स्प्रिंग जितकी ताणावी तितका विरोध वाढतो, त्यामुळे हालचालीच्या टोकाला सैल सोडण्याची सोय नसते. या यंत्राचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो: हलक्या स्प्रिंगा लावल्या की कित्येक व्यायाम सोपे होण्याऐवजी अवघड होतात, कारण डगमगता फलक आपल्यालाच आवरावा लागतो, आणि जड स्प्रिंगा अशक्त माणसाला उलट आधार देतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखापतीनंतर याचा खरोखर उपयोग होतो. सर्वसाधारण माणसाला मात्र चटई पुरते, आणि यंत्रावरच्या वर्गाची फी पाहता ते बरेच आहे. चटई थोडी जाड घ्यावी. पातळ योगामॅटवर मणके टोचतात आणि मग माणूस व्यायामालाच दोष देतो.

कोणी जपून करावे

हाडे ठिसूळ झालेल्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे अस्थिभंग आढळले, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि तो पिलाटेसवर नव्हता. तरी पिलाटेसच्या मूळ ३४ व्यायामांत पाठ गोल करून पुढे वाकण्याचे किंवा पाठीवर लोळण्याचे प्रकार भरपूर असल्याने तो विसरून चालणार नाही. पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या स्त्रियांनी वर्ग सुरू करण्यापूर्वी हाडांच्या घनतेबाबत डॉक्टरांना विचारावे, आणि घनता कमी असेल तर ‘रोल अप’सारखे पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार वगळायला शिक्षकाला सांगावे.

गरोदरपणात पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी श्वास कधीही रोखू नये. काचबिंदू असणाऱ्यांनी पाय डोक्यावरून नेण्याचे प्रकार टाळावेत. कंबरेतून कळ निघून पायात उतरत असेल तर आधी तपासणी. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिक्षक निवडताना

२००० साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव आहे, त्यावर कोणाची एकट्याची मालकी नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला, पण कोणीही पाटी लावू शकेल अशी स्थितीही आली. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि काही महिने प्रत्यक्ष सरावासह घेतलेले शिक्षण यांत मोठे अंतर आहे, म्हणून शिक्षण कुठे आणि किती काळ घेतले हे संकोच न करता विचारावे. चांगला शिक्षक पहिल्या भेटीत आपल्या जुन्या दुखण्यांची, शस्त्रक्रियांची आणि कामाच्या स्वरूपाची चौकशी करतो. वर्गात तो स्वतः व्यायाम करत बसत नाही. फिरून पाहतो आणि कोणाची बरगडी उचलली गेली, कोणाचा श्वास अडकला ते सांगतो. एका वर्गात तीसेक माणसे आणि पुढे मोठ्याने गाणे, अशा ठिकाणी घाम येईल, पण ही पद्धत शिकता येणार नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने शिक्षकासमोर आणि नंतर घरी, अशी विभागणी बहुतेकांना परवडते. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा ते पाऊण तास पुरेसा आहे. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. रविवारी सकाळी मिसळीवर ताव मारून चटईवर पडण्यात अर्थ नाही. प्रगती वजनकाट्यावर शोधू नये. सुरुवातीलाच दोन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते, आणि भिंतीजवळ उभे राहून एका पायावर किती सेकंद तोल राहतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्याच खुर्चीवर आणि दिवसाच्या त्याच वेळी, हे पुन्हा मोजावे.